ढेपेतून दुधात, दुधातून लेकरांत

२०२४ चा डिसेंबर सरत असताना शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून एक विलक्षण बातमी आली. माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले होते. आधी डोक्याला खाज, मग केसगळती आणि आठवडाभरात पूर्ण टक्कल. म्हातारे, तरुण, शाळकरी पोरे, कोणीही सुटले नाही. जानेवारी उजाडला तेव्हा रुग्णांची संख्या शेकड्यांच्या घरात जात होती. कोणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ गावात उतरले आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून थेट शिधावाटपाच्या गव्हाकडे, म्हणजे पंजाबच्या सेलेनियमयुक्त जमिनीत पिकलेल्या धान्याकडे बोट दाखविले. त्यांचे मत सर्वांनी मान्य केले असे नाही. परंतु वादाचा विषय काय होता, हे लक्षात घ्या. कुठल्या तरी दूरच्या मातीतील एक द्रव्य धान्यात शिरते, धान्य पोत्यात, पोते दुकानात, दुकानातून भाकरी-पोळीत, आणि शेवटी ते शेगावच्या एखाद्या शाळकरी मुलीच्या शरीरात जाऊन मुक्काम करते, असे घडू शकते काय? तेव्हा देशभरच्या वार्ताहरांनी आमच्या जिल्ह्याचा रस्ता धरला, कारण टक्कल डोळ्यांना दिसत होते.

प्रश्न आहे तो न दिसणाऱ्या विषाचा. सेलेनियम हे जमिनीतले मूलद्रव्य. त्याला कोणी कारखान्यात जन्म दिलेला नाही. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत माणसाने कारखान्यात घडविलेली जी कार्बनी विषे आपल्या शेतात, कणगीत, घराच्या भिंतींवर ओतली गेली, ती ना केस गाळतात ना नखे. ती शांतपणे चरबीत जाऊन बसतात. बुलढाणा जिल्ह्यात त्यांची मोजदाद कोणी करायची, हा या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा; रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शालान्त परीक्षेपुरता. तरीही एक विनोद ध्यानात आल्यावाचून राहत नाही. हल्ली ज्या ‘सेंद्रिय’ शब्दाची पाटी लावून दुप्पट दराने भाजी विकली जाते, त्याच शब्दाच्या रसायनशास्त्रातील अर्थाने डीडीटी हे अस्सल सेंद्रिय संयुग आहे! कार्बनच्या सांगाड्यावर क्लोरिनचे अणू बसवायचे, की असे एक रसायन तयार होते जे पाण्यात विरघळत नाही, सूर्यप्रकाशाला फारशी दाद देत नाही आणि जिवाणूंना सहजी पचत नाही. ते विरघळते फक्त स्निग्ध पदार्थात. डीडीटी, बीएचसी (आमच्या शेतकऱ्यांची ‘गॅमेक्झिन पावडर’), आल्ड्रिन, एंडोसल्फान ही सगळी या एकाच गोत्राची. मातीत पडलेल्या डीडीटीचा निम्मा भाग नाहीसा व्हायला दोन ते पंधरा वर्षे लागतात, आणि नाहीसा होतो म्हणजे तरी काय, तर बराचसा डीडीई या भावंडाच्या रूपाने पुन्हा तिथेच नांदतो.

आता या विषाचा प्रवास पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. तिथे चिलटांचा त्रास फार, म्हणून १९४९ साली डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडण्यात आले. प्रमाण किती, तर सात कोटी भाग पाण्यात एक भाग. पुढे १९५४ आणि १९५७ साली हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मात्रा पाच कोटींत एक भाग अशी थोडी वाढविली. कोणालाही वाटेल, एवढ्याने काय होणार? पण सरोवरावरचे ग्रीब पक्षी शेकड्यांनी मरू लागले. त्यांच्या शरीरातील चरबी तपासली, तेव्हा तिच्यात दशलक्षात सोळाशे भाग एवढे विष निघाले. म्हणजे पाण्यात टाकलेल्या प्रमाणाच्या सुमारे ऐंशी हजारपट! पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींनी ते शोषले, त्या वनस्पती लहान माशांनी खाल्ल्या, लहान मासे मोठ्यांनी गिळले आणि मोठे मासे पक्ष्यांनी. प्रत्येक पायरीवर खाणाऱ्याने आपल्या वजनाच्या कितीतरी पट अन्न खाल्ले. अन्न जळून गेले, विष तेवढे मागे राहिले. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली, तेव्हा कारखानदारांनी त्यांच्यावर आग पाखडली. परंतु त्या हकीकतीतील सर्वांत बोचरा भाग वेगळाच आहे. शेवटच्या फवारणीनंतर काही काळाने सरोवराच्या पाण्यात त्या रसायनाचा मागमूस उरला नव्हता. पाणी स्वच्छ होते. विष सरोवर सोडून गेले नव्हते, ते सरोवरातील जिवांच्या अंगात राहायला गेले होते.

जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळेतून ‘पाणी पिण्यास योग्य’ असा दाखला आला की ग्रामपंचायत निश्चिंत होते, त्या सर्वांनी क्लिअर लेकचे हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. या जातीचे विष पाण्यात शोधायचे नसते. ते दुधात, तुपात, माशात, अंड्यात आणि माणसाच्या चरबीत शोधायचे असते.

दुधाचा विषय निघाला म्हणून एक जुना आकडा सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बारा राज्यांतून गायी-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले. निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी सापडले. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही सह्य मर्यादा सुमारे ३७ टक्के नमुन्यांनी ओलांडली होती. आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांत पहिला क्रमांक कोणत्या राज्याचा? महाराष्ट्राचा. आपल्या राज्यातील ७४ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. गुजरात ७० टक्क्यांवर आणि कीटकनाशकांसाठी बदनाम झालेला पंजाब ५१ टक्क्यांवर. त्याच पाहणीत बाळांच्या डब्यातील दूधभुकटीचे १८६ नमुने घेतले होते. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी निघाले. यावर विधिमंडळ बंद पडले काय? मोर्चे निघाले काय?

दहा वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस सापडल्याचे जाहीर केले, आणि मग मात्र आकाश कोसळले. संसदेच्या उपाहारगृहातून बाटल्या हलल्या. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल आला. नोंदणी झालेल्या कित्येक कीटकनाशकांसाठी अन्नातील अवशेषांची मर्यादाच ठरविलेली नाही, हे त्या निमित्ताने देशाला कळले. समितीचे काम चांगले झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण प्रमाणाचे भान पाहा. त्या शीतपेयांतील सर्व कीटकनाशकांची सरासरी लिटरमागे मिलिग्रॅमचा साठावा भाग होती. १९९३ च्या पाहणीत सर्वाधिक दूषित ठरलेल्या दुधात एकट्या डीडीटीचे प्रमाण किलोमागे २.२ मिलिग्रॅम होते. सरासरीशी सर्वाधिकाची तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरीही बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाटलीवर तुटून पडणारे आपण, आपल्या घरच्या चरवीत डोकावायला मात्र धजावलो नाही. परक्याचे पाप दाखविणे सोपे असते. प्रस्तुत लेखकाचे अनेक मित्र स्वदेशीच्या आंदोलनात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले आहेत. हे वाक्य त्यांनाही उद्देशून आहे.

आणि हे दूध दूषित होते कसे? याचे उत्तर शोधायला खामगावच्या बाजारात जावे. वऱ्हाडच्या कापसाची ही नामांकित पेठ. जिनिंगमध्ये कापसापासून रुई वेगळी निघते, उरते ती सरकी. सरकीचे तेल निघते आणि मागे राहते ती ढेप. दुभत्या जनावराला ढेप चारली की दूध वाढते, दुधाचे फॅट लागते, हे वऱ्हाडातील लहान पोरही जाणते. पण कापूस हे असे पीक, की ज्यावर आपल्याकडे सर्वाधिक विषाची फवारणी झाली. पेरणीपासून बोंडे फुटेपर्यंत मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि बोंडअळी यांच्या नावाने पंपावर पंप रिकामे होतात. कापूस माणूस खात नाही, म्हणून त्यावर काहीही मारले तरी चालते, अशी एक सोयीची समजूत रुजली. कापूस माणूस खात नाही, खरे. पण सरकी गाय खाते. शेवटची वेचणी झाली की त्याच पऱ्हाटीत जनावरे चरायला सोडली जातात. हरभऱ्याचे, सोयाबीनचे कुटार तिच्याच पुढ्यात पडते. गायीला रोज किलो-दोन किलो ढेप, कित्येक किलो चारा. त्यातील चिवट विषाचा अंश तिच्या चरबीत साठतो, आणि दूध हा तिच्या चरबीचाच एक निचरा आहे. म्हशीच्या साधारण पंधरा लिटर दुधातील सारा स्निग्धांश एक किलो तुपात उतरतो. उकळून, गाळून, विरजून, घुसळून यातील काहीही कमी होत नाही. लोणी कढविताना उडते ते पाणी.

इथे काही वाचकांना राग येईल याची कल्पना आहे. गायीचे दूध अमृत, तूप म्हणजे आयुष्य, हे आपण मुलांना सांगत आलो, आणि त्यात खोटे काही नाही. पण जी गाय आपण पुजतो, तिच्या पुढ्यात काय पडते याची चौकशी करणे हाही तिच्या सेवेचाच भाग असायला हवा. वसुबारसेला तिच्या कपाळी कुंकू लावायचे आणि दुसऱ्या दिवशी बुरशी आलेली स्वस्त ढेप तिच्यापुढे टाकायची, या विसंगतीवर आपल्या गोशाळांच्या बैठकांत कधी ठराव झाल्याचे ऐकिवात नाही.

बुरशीचा उल्लेख सहज केलेला नाही. कारण आता कोणीही सुजाण वाचक विचारील की, महाशय, १९९३ चे आकडे आज कशाला? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे. शेतीतील डीडीटीवर १९८९ साली बंदी आली, बीएचसीवर १९९७ साली, आल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोरवर १९९६ साली. चिवट रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ च्या जानेवारीत मान्यता दिली. या बंद्यांचे फळ मिळाले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने घेतले, तेव्हा कीटकनाशकांची मर्यादा ओलांडणारा नमुना केवळ एक निघाला. ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती दडवून ठेवून भयाचा बाजार मांडणे हे पत्रकाराचे काम नव्हे. जे म्हणतात की बंदीने काही होत नाही, त्यांना हा आकडा दाखवावा.

परंतु त्याच पाहणीतला दुसरा आकडाही वाचावा. ३६८ नमुन्यांत, म्हणजे सुमारे ५.७ टक्के दुधात, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक होते. हे विष कारखान्यातील नव्हे. ते ढेपेवर, मक्यावर, भुईमुगाच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचे. ते वर्षानुवर्षे चरबीत साठत नाही, डीडीटीहून त्याची जात निराळी. पण दुधापर्यंत येण्याचा त्याचा रस्ता तोच आहे. एक वाटसरू हाकलला, रस्ता मोकळाच राहिला. शिवाय ती पाहणी पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती होती. या मापाने आमच्या जिल्ह्यातील खामगाव, बुलढाणा, मलकापूर, शेगाव, चिखली अशी मोजकी शहरे तेवढी पात्र ठरतात. संग्रामपूर, मोताळा, लोणार या तालुक्यांतील खेड्यांत जे दूध काढले जाते आणि त्याच गावी पोरांच्या पेल्यात पडते, ते या मोजणीच्या शिवाराबाहेरच राहिले.

खेड्यातील माणसाला विषाचे मोजमाप मिळते ते तो कोसळल्यावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. चौकशी बसली, पथके फिरली, हातमोजे वाटले गेले. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेलेले होते, तात्काळ मारणारे. त्याची बातमी झाली. हळूहळू साठणाऱ्या विषाला पंचनामा नसतो. कोणाच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याचे नाव येत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे खचली आहेत. त्याचे कारण क्षारयुक्त पाणी, की आणखी काही, की दोन्ही, याचा छडा लावायचा तर क्षारांबरोबर रसायनांचेही मोजमाप हवे. ते न करता एकाने क्षारांवर आणि दुसऱ्याने औषधांवर खापर फोडणे हा नुसता वितंडवाद झाला.

औषध हा शब्दही पाहा. आमच्या भाषेत फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारले काय?’ असे बांधावरून बांधावर विचारले जाते. ते विकणाऱ्या दुकानाचे नाव कृषी सेवा केंद्र. सल्ला देणारा तोच, उधारी देणारा तोच. एका पंपात तीन-तीन औषधे मिसळण्याचे प्रमाण त्यानेच सांगायचे, कारण गावात यायला कृषी सहायकाला सवड नाही. या व्यवहारात शेतकऱ्याला खलनायक ठरविणारे शहरी शहाणे प्रस्तुत लेखकाला मुळीच मान्य नाहीत. पीक हातचे गेले तर सावकार दाराशी उभा राहतो, याची जाण ज्याला आहे त्याने त्या पंपामागची भीती समजून घेतली पाहिजे.

आता परकीय कारस्थानाच्या सिद्धान्ताकडे वळू, कारण तो आपल्याच वर्तुळात अधिक ऐकू येतो. एंडोसल्फानवर जागतिक बंदीची चर्चा चालू होती, तेव्हा आपल्या देशाचे प्रतिनिधी तिला विरोध करीत होते. युक्तिवाद असा, की हे स्वस्त भारतीय रसायन आहे, त्याचे पेटंट संपलेले आहे, आणि युरोपच्या कंपन्यांना त्याच्या जागी आपली महाग रसायने खपवायची आहेत. या युक्तिवादात तथ्याचा अंश होता. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही आपली सरकारी कंपनीही ते बनवीत होती. पण केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत विमानाने हेच रसायन फवारले गेले, आणि तिथल्या वाड्यांत वाढलेली व्यंगे घेऊन जन्मलेली मुले कोणत्याही युरोपीय कंपनीने निर्माण केलेली नव्हती. अखेर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबविले. विष स्वदेशी असले म्हणून पथ्यकर होत नाही. युरोपचा हेतू अशुद्ध असेल. पण आपल्या लेकरांच्या रक्तात काय आहे हे जाणण्यासाठी युरोपच्या हेतूची तपासणी करावी लागत नाही.

उलट युरोपकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती लाजिरवाणी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडल्यावरून महाराष्ट्राची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडली. बागायतदार हवालदिल झाला. निर्यातीच्या द्राक्षांसाठी मात्र तोवर एक उत्कृष्ट व्यवस्था उभी राहिलेली होती आणि त्या धक्क्यानंतर ती अधिक कडक झाली. अपेडाच्या ‘ग्रेपनेट’मध्ये बागेची नोंदणी होते, नमुना घेतला जातो, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेषांची तपासणी होते आणि दाखला मिळाल्यावाचून पेटी जहाजावर चढत नाही. हे आपल्याच शास्त्रज्ञांनी, आपल्याच प्रयोगशाळांत करून दाखविले. म्हणजे बुद्धी आहे, यंत्रे आहेत, पद्धत आहे. रॉटरडॅमच्या ग्राहकाच्या ताटात काय पडते याची काळजी वाहणारी व्यवस्था मलकापूरच्या आठवडी बाजारातील वांग्याजवळ का येत नाही? चिखलीच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारे यंत्र असते, कारण फॅटवर पैसे असतात. फॅटमध्ये दडलेले मोजायला तिथे कोण येते?

वर, घरच्या ग्राहकासाठी नियम सैल होतात ते निराळेच. आपल्या देशात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांचा अंश मसाल्यांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालत असे. एप्रिल २०२४ मध्ये प्राधिकरणाने ती मर्यादा दहापटीने वाढवून ०.१ केली. तांत्रिक कारणे सांगितली गेली. ती असतीलही. पण गृहिणीने विचारले, की काल जे असुरक्षित होते ते आज सुरक्षित कसे, तर तिला तिच्या भाषेत उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली? कायद्याची कथाही अशीच. देशात कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा. त्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ साली आणि पुन्हा २०२० साली राज्यसभेत विधेयके मांडली गेली. दोन सरकारे, दोन विधेयके, आणि दोन्ही तिथेच रेंगाळली. या एका बाबतीत पक्षभेद दिसत नाही, एवढे समाधान.

मोजमाप न करण्याची किंमत काय असते, ते गिधाडांनी दाखवून दिले आहे. नव्वदच्या दशकात आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी होऊ लागली; पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा वर्षांत हजारांत एक उरली. जनावरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकचा अंश मेलेल्या गुराच्या मांसात राहत होता आणि तो गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करीत होता. इथे वर्षानुवर्षांच्या संचयाचीही गरज पडली नाही, एक जेवण पुरले. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधले, २००६ साली पशुवैद्यकातील वापरावर बंदी आली. तोवर गावोगावच्या ढोरफोडीवर कुत्र्यांचे राज्य झाले होते. गुरू दगावल्यावर त्याच्या मांसात औषधाचा काय अंश राहतो, ही चाचणी औषध बाजारात आणतानाच कोणी केली असती तर?

म्हणूनच मे २०२५ ची एक घटना आपल्या जिल्ह्याने नीट वाचायला हवी. स्टॉकहोम कराराच्या जीनिव्हा येथील परिषदेत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, काही सवलती ठेवून, चिवट आणि साठत जाणाऱ्या विषांच्या यादीत घालण्यात आले. हे नाव परके नाही. कपाशीवर, हरभऱ्यावर, घराच्या पायात वाळवीसाठी आपल्याकडे ते सर्रास वापरले गेले आहे. २००३ साली शीतपेयांत सापडलेल्या चौघांपैकी ते एक. युरोपने ते २०२० साली बंद केले. डीडीटीच्या जमान्यानंतरची औषधे लवकर विरून जातात, साठत नाहीत, असे आपल्याला सांगण्यात येत होते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण सर्वांच्या बाबतीत खरे नाही, हे आता जगाने कबूल केले. उद्या आणखी कोणाचे नाव त्या यादीत येईल?

डीडीटीलाही एकेकाळी तारणहार मानले गेले होते, आणि ते उगाच नव्हे. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे; १९५३ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर साठच्या दशकात ती संख्या लाखाच्या आसपास आली. भिंतीवर फवारणी करून गेरूने तारीख लिहून जाणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांचे ऋण मानले पाहिजे. पण उरलेली पावडर बियाण्याला, कणगीतल्या ज्वारीला, मुलींच्या डोक्यातील उवांना लावली गेली, कारण थांबायचे कुठे हे कोणी सांगितले नव्हते. त्या पिढीच्या स्त्रियांच्या चरबीत ते साठले आणि त्यांच्या दुधातून पुढच्या पिढीत गेले. अन्नसाखळीची शेवटची पायरी माणूस नव्हे. शेवटची पायरी त्याचे तान्हे मूल. आईच्या शरीरात वर्षानुवर्षे जमलेले तिच्या पहिल्या लेकराला काही महिन्यांत मिळते. याचा अर्थ अंगावर पाजणे थांबवावे असा कोणी काढू नये. आईच्या दुधाला पर्याय नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अर्थ एवढाच, की आईच्या ताटात काय पडते ही तिची खासगी बाब राहिलेली नाही.

ज्यांना परवडते त्यांनी आपला मार्ग काढलाच आहे. पुण्या-मुंबईहून ‘विषमुक्त’ गूळ, डाळ आणि तूप घरपोच येते. बुलढाण्यातील अनेक सुखवस्तू घरांनी गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला दोन एकर ‘आपल्यापुरते’ औषध न मारता पिकवायला सांगितले आहे. त्याच शेतकऱ्याच्या उरलेल्या आठ एकरांतले पीक मग कोणासाठी?

मागणी मोठी नाही. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याच्या सीमेपासून तासाभराच्या अंतरावर. जिल्हा नियोजन समितीकडे दरवर्षी निधी येतो. तेरा तालुक्यांतून वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि कापसाच्या वेचणीनंतर, दूध, तूप, सरकीची ढेप, भाजी आणि नळगंगा-खडकपूर्णेच्या जलाशयातील मासे यांचे नमुने घ्यावेत; अवशेषांची आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी व्हावी; आणि निकाल तालुक्याच्या नावानिशी, मराठीत, तहसील कार्यालयाच्या आणि बाजार समितीच्या फलकावर लागावेत. निकाल चांगले आले तर बुलढाण्याचे तूप त्या फलकाच्या जोरावर चढ्या भावाने विकता येईल. वाईट आले तर कोणत्या जिनिंगच्या ढेपेपासून सुरुवात करायची ते कळेल. आपल्या गोशाळांनी आणि दूध संस्थांनी शासनाची वाट न पाहता वर्गणी काढून पहिले वीस नमुने पाठवायला हरकत नाही. यंदाच्या हंगामाची सरकी खामगावात उतरू लागली की लगेच, ढीग लागण्याआधी.